मैदानासाठी वर्गणी मागू नका, ट्रॉली मागा

ताई, तुमचा प्रश्न असा की सुदामा नगरकडे तुमच्या कॉलनीचं एक मोकळं मैदान आहे, तिथे तुमची मुलगी आणि अजून 30-35 मुलं-मुली संध्याकाळी खो-खो खेळतात, पावसाळ्यात नुसता चिखल आणि उन्हाळ्यात भेगा आणि खडे, तुम्ही सात-आठ पालक मिळून पैसे जमवायचं म्हणताय पण लोक म्हणतात आत्ताच गणपतीची वर्गणी दिली, आता परत कशाची, तर सुरुवात कुठून करायची आणि एखादा मोठा स्पॉन्सर धरावा का. मी गेली 20-22 वर्षं इथेच इंदूरात मुलांना खो-खो शिकवतोय आणि त्यातली 15 एक वर्षं दरवर्षी मैदानासाठी पैसे जमवतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण आम्ही जिथे पडलो तिथे तुम्ही पडू नये म्हणून सगळं सांगतो.

पहिल्यांदा आमची चूक सांगतो. आम्ही पहिल्या वर्षी घरोघर जाऊन 68 हजार जमवले, मार्चमध्ये जोशात मुरूम आणला, आहे त्या काळ्या मातीवर सरळ पसरला, रोलर फिरवला, नारळ फोडला, पेढे वाटले, मैदान इतकं सुंदर दिसत होतं की लोक संध्याकाळी नुसते बघायला यायचे. जुलैत तीन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी मुरूम गायब. कुठे गेला नव्हता, खाली गेला होता, वर काळा चिखल आला होता आणि त्यात मुरमातले खडे दात काढून बसलेले. आपली माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात, तिच्यावर काहीही नुसतं पसरलं तर ती गिळते, ही गोष्ट शेतकऱ्याला विचारली असती तर त्याने चहा पिता पिता सांगितली असती, पण आम्ही विचारली नाही. त्याच महिन्यात आमची एक दहा वर्षांची मुलगी पोलला वळताना पडली, गुडघ्यात खडा रुतला, तीन टाके पडले. मी तिला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं, ती रडत नव्हती, सारखं विचारत होती की काका उद्या खेळू देणार ना.

आणि पुढच्या वर्षी आम्ही पावती बुक घेऊन निघालो तर निम्म्या घरांनी दारातूनच विचारलं, मागच्या वर्षीचे पैसे कुठे गेले? त्यांचं चुकलं नव्हतं. म्हणून मी कोणालाही पहिलं हेच सांगतो की मैदानाचे पैसे पहिल्या वर्षी मिळतातच, लोक मुलांकडे बघून देतात, खरा प्रश्न दुसऱ्या वर्षीचा असतो आणि दुसऱ्या वर्षीचे पैसे पहिल्या वर्षीच्या मातीत दिसावे लागतात.

पैशाआधी कागद बघा. जमीन कोणाची आहे? निगमची म्हणजे महापालिकेची आहे, विकास प्राधिकरणाची आहे, का कॉलनीच्या नकाशात मोकळी जागा म्हणून सोडलेली आणि गृहनिर्माण संस्थेच्या नावावर आहे? ज्याची असेल त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या, त्यात साफ लिहून घ्या की सपाटीकरण, चर खोदणं आणि खो-खोचे पोल गाडणं याला हरकत नाही. पार्षदांना, म्हणजे आपल्या नगरसेवकांना भेटा, निगमच्या झोन ऑफिसात अर्ज द्या, आवक नंबर टाकलेली प्रत जपून ठेवा. तोंडी "करा हो, चांगलं काम आहे" यावर एक रुपया घालू नका, उद्या तिथे दुसरंच काही बांधायचं ठरलं तर लोकांचे पैसे मातीत जातील. या कामाला दीड-दोन महिने लागतात, लागू देत.

आता हिशोब. लोकांना "मैदान सुधारायला दोन लाख हवेत" म्हटलं की त्यांना काही दिसत नाही. खो-खोचं मैदान 27 मीटर बाय 16 मीटर, चारी बाजूंनी 3-3 मीटर सोडा, कारण मुलं धावत बाहेर जातात, तर 33 बाय 22 झालं, म्हणजे साधारण 7800 चौरस फूट. वरची काळी माती आठ इंच काढायची, खाली सहा इंच मुरूम आणि वर दोन इंच चाळलेली पिवळी माती. ट्रॅक्टरची ट्रॉली 100 घनफुटांची धरली तर मुरूम 39 ट्रॉल्या होतो, पण रोलरखाली तो बसतो म्हणून चौथाई जास्त मागवायचा, 49 धरा, आणि पिवळी माती 13. झाल्या 62 ट्रॉल्या. तुमच्याकडे एका ट्रॉलीचा भाव काय चालू आहे ते दोन-तीन जणांना विचारा आणि तोच तुमचा वर्गणीचा आकडा.

आम्ही तिसऱ्या वर्षी हेच केलं. कार्डशीटवर 62 चौकोन आखले, मैदानाच्या फाटकाशी लावला तो तक्ता, आणि घरोघर गेलो ते पावती बुक पुढे न करता सांगितलं की एक ट्रॉली तुमच्या नावाची घ्या, पूर्ण जमत नसेल तर अर्धी घ्या, चार शेजारी मिळून एक घ्या. ज्याने दिली त्याचं नाव चौकोनात, आणि ट्रॉली ज्या दिवशी येणार त्या दिवशी त्याला फोन, या बघायला. लोक खरंच आले. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी अर्धी ट्रॉली घेतली होती, सकाळी सात वाजता शाल पांघरून आल्या आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या थांब, आणि ओंजळभर मुरूम हातात घेऊन त्यातले मोठे दगड वेचून बाजूला टाकले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "माताजी, इसमें पत्थर नी निकलेगा, छना हुआ माल है," तर बाईंनी चार दगड त्याच्या बॉनेटवर मांडून दाखवले. त्या दिवसापासून प्रत्येक ट्रॉली आम्ही उतरवायच्या आधी बघायला लागलो, दोन परत पण पाठवल्या. असा देणारा माणूस मैदानावर उभा राहिला की कामाची देखरेख आपोआप होते, ते पैशाने मिळत नाही.

खोदलेल्या काळ्या मातीचं पण सांगतो, कारण ती 50-52 ट्रॉल्या निघते आणि फेकायची म्हटली तर तिचाच खर्च छातीवर बसतो. काळी माती बागेला चांगली, तर आम्ही कंपोस्ट मिसळून गोण्या भरल्या आणि गच्चीवर कुंड्या लावणाऱ्यांना दिल्या, किंमत ठेवली नाही, डबा ठेवला, ज्याला जे वाटेल ते टाका. बऱ्यापैकी पैसे जमले. उरलेल्या मातीचा पश्चिमेच्या बाजूला लांब बंधारा घातला, त्यावर गवत आलं, आता आजी-आजोबा मॅच बघायला तिथेच बसतात.

पण त्याही आधी चर. मैदानाच्या दोन लांब बाजूंनी दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर खोदा, त्यात मोठी गिट्टी भरा आणि तिचा उतार पावसाच्या पाण्याच्या नाल्याकडे काढा, ड्रेनेजच्या लाईनीत नको, ती तुंबली की तेच पाणी तुमच्या मैदानावर येईल. आणि मैदान दिसायला सपाट असलं तरी मधोमध कडेपेक्षा 10 सेंटीमीटर उंच ठेवा म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहून जातं. मुरूम एकदम सहा इंच ओतू नका, तीन इंच, पाणी, रोलर, मग वरचे तीन इंच, परत पाणी, रोलर. चराला पैसे मागणं कठीण असतं कारण तो दिसत नाही, त्यावर कोणाचं नाव लिहिता येत नाही, म्हणून ट्रॉलीच्या भावातच चराचा वाटा धरा आणि लोकांना तसं उघड सांगा की एवढे मुरमाचे, एवढे चराचे.

खालचं काम नीट नसेल तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. 25 डिसेंबर 1997 ला नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका वनडे तीन ओव्हरमध्ये बंद करावी लागली, चेंडू कसाही उसळत होता आणि खेळणं धोक्याचं होतं. तिथे मोठे खेळाडू होते, त्यांनी खेळणं थांबवलं. आपल्या मुलांना थांबायला कोणी सांगत नाही, ती खड्ड्यात पण खेळतात.

कधी मागायचं? गणपतीत बिलकुल नाही. तेव्हा दर चार घरांमागे एक मंडळ दारात उभं असतं आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांपर्यंत, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीपर्यंत, सगळं गाव त्यातच असतं, तुमचं मैदान त्यात हरवतं. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त फोटो काढा, चिखलाचे, पाणी तुंबलेल्या कोपऱ्याचे, चपला हातात घेऊन घरी परतणाऱ्या मुलांचे. दिवाळी झाली की दहा दिवसांनी ते फोटो घेऊन निघा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काम करा, म्हणजे मुरमाला पाणी आणि रोलर मिळून पुढच्या पावसाआधी सहा महिने बसायला मिळतात. आम्ही मार्चमध्ये केलं ती दुसरी चूक होती.

घरी जाताना एकटे जाऊ नका. एक पालक, एक खेळणारी मुलगी, एक जुना माणूस असे तिघं. मुलीला काही पाठ करून बोलायला लावू नका, तिने फक्त तिचं नाव सांगायचं आणि ती कुठल्या जागी खेळते ते सांगायचं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला आणि आपले मुलं-मुली दोन्ही संघ जिंकले, मुलींची कॅप्टन प्रियंका इंगळे, त्यानंतर आमच्याकडे मुली एकदम वाढल्या आणि दारात उभी असलेली मुलगी "मला प्रियंका ताईसारखं व्हायचंय" म्हणाली की समोरच्याला अजून काही सांगायला लागत नाही. जुन्या माणसांना पण धरा. इंदूरात ज्यांनी होळकर क्रिकेट टीमच्या गोष्टी घरात ऐकल्यात, चार वेळा रणजी जिंकलेली टीम, सी. के. नायडू, मुश्ताक अली, त्यांना मैदान म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, आमच्या दोन सगळ्यात जास्त देणाऱ्या आजोबांनी आयुष्यात खो-खो खेळलेला नव्हता.

आणि मागण्याआधी काहीतरी स्वतः करून दाखवा. आमच्या मैदानाच्या मागे झुडपात एक जुना दगडी रोलर अर्धा मातीत रुतलेला होता, कोणाचा, कधीचा, काही माहीत नाही, दांडा तुटलेला. दोन रविवार लागले, मुलांनी खुरप्यांनी भोवतीची माती काढली, सहा वडिलांनी पहारी लावून तो बाहेर ढकलला, वेल्डिंगवाल्याने दांडा जोडला आणि पैसे घेतले नाहीत. तो रोलर ज्या संध्याकाळी मैदानावर पहिल्यांदा फिरला, घरघर आवाज करत, त्या संध्याकाळी गच्च्यांवरून लोक वाकून बघत होते. आमची खरी वर्गणी त्या दिवसापासून सुरू झाली असं मी मानतो, आधी दारं बंद करणारी दोन घरं त्याच आठवड्यात स्वतःहून आली.

पैसे कुठे ठेवायचे ते फार महत्त्वाचं. कोणाच्याही स्वतःच्या यूपीआयवर एक रुपया घेऊ नका. माणूस कितीही चांगला असो. आमच्या सुरुवातीच्या खजिनदाराने सोय म्हणून स्वतःचा क्यूआर दिला, त्याच खात्यात त्याचा पगार, किराणा, मुलाची फी, वर्षाच्या शेवटी दोन रात्री बसून आम्ही एकेक एंट्री वेगळी केली, पैसा पूर्ण निघाला, पण तोपर्यंत कॉलनीत बोलणी सुरू झाली होती आणि तो माणूस मैदानावर यायचाच बंद झाला. आजही मला त्याचं वाईट वाटतं, चूक आमच्या सगळ्यांची होती. रहिवासी संघाची नोंदणी असेल तर तिच्या नावाने वेगळं खातं उघडा, नसेल तर मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी करून घ्या, तिघांपैकी दोघांच्या सह्या, पावत्यांना क्रमांक, आणि दर रविवारी हिशोबाच्या वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर. चूक झाली तर तीही लिहा. आम्ही मुरूम बुडाल्याचा हिशोब तसाच्या तसा लिहून फाटकावर लावला होता, खाली "चर केला नाही म्हणून" असं लिहून, आणि तो वाचून एक निवृत्त इंजिनिअर काका स्वतः आले आणि उताराचं सगळं माप त्यांनीच काढून दिलं.

आयकरात सूट मिळावी म्हणून 80जी ची पावती कोणी मागितली तर संस्थेकडे ती मान्यता असल्याशिवाय हो म्हणू नका, आणि असली तरी 2000 च्या वरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, चेक किंवा ऑनलाईनच घ्या. दुसरं, परदेशातली आपली मुलं. ज्याचा पासपोर्ट अजून भारताचा आहे तो तिथे कमावलेल्या पैशातून बँकेने पाठवू शकतो, पण ज्याने अमेरिकेचं किंवा कुठलंही दुसरं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे कायद्याने विदेशी देणगी होतात, मग तो इथल्या रामबागेतच लहानाचा मोठा झालेला असो, आणि ते घ्यायला एफसीआरए म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची मान्यता लागते. प्रेमाने नाही म्हणा आणि सांगा की सुट्टीत आलास की एक तास मुलांना पळव.

तुमचा स्पॉन्सरचा प्रश्न. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेला पैसा खेळाच्या प्रशिक्षणाला चालतो, कायद्याच्या यादीत आहे तो, पण त्यांना तुमची संस्था 12ए, 80जी या आयकराच्या नोंदण्या, सीएसआरचा पैसा घ्यायला लागणारी सीएसआर-1 ची नोंदणी आणि तीन वर्षांचं काम अशी हवी असते, तेव्हा आत्ता त्यामागे धावू नका, तीन वर्षांनी बघा. आमदार किंवा खासदार निधीतून भिंत, फाटक, लाईट अशी पक्की कामं होतात, तो पैसा तुमच्या हातात येत नाही, शासनच काम करतं, अर्ज जरूर द्या पण मुरमाचं काम त्याच्यासाठी अडवून ठेवू नका. आणि एखादे शेठ सगळे पैसे एकटे देतो म्हणाले तर माझं मत विचाराल तर नको. आम्हाला एकांनी देऊ केले होते, अट अशी की नाव त्यांचं आणि वर्षातून काही दिवस मैदान त्यांच्या घरच्या कार्यक्रमांना. मंडपाचे खांब एकदा रोवले की बसलेल्या मुरमात पन्नास भोकं पडतात, त्यात पाणी शिरतं, आणि एका दिवसात वर्षाचं काम जातं. आम्ही हात जोडले. त्यांना दहा ट्रॉल्या घ्या म्हटलं तर त्यांनी चार घेतल्या, चांगलं झालं.

टूर्नामेंट भरवून पैसे जमतील असं वाटत असेल तर जमत नाहीत, मंडप, साऊंड, ट्रॉफ्या आणि पंचांचं मानधन यातच एन्ट्री फी संपते. टूर्नामेंट माणसं जमवायला करा. त्यापेक्षा खाण्याचा स्टॉल बरा, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, घरच्या बायकांनी केलेला आणि मैदानावरच विकलेला. आणि सगळ्यात भरवशाची रद्दी. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलं हातगाडी घेऊन फिरतात, इंदूरात लोकांना कचरा वेगळा ठेवायची सवयच आहे, रद्दी बांधून तयार असते. मोठा आकडा होत नाही, पण दर महिन्याला येतो आणि कोणाच्या खिशाला जाणवत नाही, आमची वर्षभराची देखभाल त्यावर चालते.

देखभालीचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे काढा, जमेल त्यातला पाचवा हिस्सा, कितीही ओढाताण झाली तरी त्याला हात नाही. दर पावसानंतर चार-पाच ट्रॉल्या पिवळी माती परत लागते, पोल हलतात ते पुन्हा घट्ट करावे लागतात, चरातली गिट्टी वर्षातून एकदा झाडून काढावी लागते. पोल जमिनीच्या वर 120 सेंटीमीटर, गुळगुळीत, कुठेही खिळा किंवा कड नको, मी स्वतः महिन्यातून एकदा हात फिरवून बघतो. पाणी शिंपडायला नळाचं नर्मदेचं नको, नदीकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर वर चढवून आणलेलं पिण्याचं पाणी आहे ते, बागांना देतात तसं प्रक्रिया केलेलं पाणी मिळेल का म्हणून झोनला अर्ज द्या.

मुलींसाठी एक गोष्ट पहिल्याच वर्षी करा, जी आम्हाला सुचायला फार उशीर झाला. जवळ बाथरूम नव्हतं म्हणून मोठ्या मुली दोन तास पाणीच प्यायच्या नाहीत, मे महिन्यात सुद्धा, आणि हे आम्हा पुरुषांना कोणी सांगितलंही नाही, एका आईने शेवटी सांगितलं. मैदानाला लागून असलेल्या दोन घरांनी आपलं बाहेरचं बाथरूम संध्याकाळी पाच ते आठ उघडं ठेवलं, आम्ही त्यांच्या ट्रॉलीचे पैसे घेतले नाहीत, एवढंच. आणि एक लाईटचा खांब, कारण डिसेंबरात सहाला अंधार पडतो आणि घरचे मुलींनाच आधी परत बोलावतात.

तर या दिवाळीनंतर निघा, तोपर्यंत परवानगीचा अर्ज टाका आणि पहिल्या दोन रविवारी फक्त खडे वेचा. तुमचे मुरमाचे थर घालायचे दिवस ठरले की मला सांगा, आमचा रोलर डिसेंबरचे दोन आठवडे देतो, टेम्पो तुम्ही आणायचा, सहा माणसं आणि दोन जाड फळ्या लागतात चढवायला, फळ्या आमच्याकडे एकच उरली आहे.